कुंकू लागलेल्या लॉकचा पत्रव्यवहार

ज्या वस्तूसाठी मी एका हिवाळ्यात अकरा पत्रे लिहिली, ती माझ्या अंगठ्याएवढी होती. छपाईच्या धंद्यात तिला नुसते ‘लॉक’ म्हणतात. संगणकाच्या मागच्या बाजूला ती खोचलेली असेल तरच मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर चालते. काढली की पडद्यावर एक चौकट उमटते आणि काम थांबते. विकत घेणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या नकला करून वाटू नयेत, म्हणून कंपनीने केलेली ही तजवीज. ‘प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या दाराला विक्रेत्याने कुलूप लावायचे आणि किल्ली हरवली तर दंड मात्र गिऱ्हाइकाने भरायचा, हा व्यवहार नसून वेठबिगारी आहे,’ असे एक वाक्य मी चौथ्या पत्रात घातले होते. मला ते फार आवडले होते. ताईंनी ते काढायला लावले.

ताईंचे दुकान औरंगपुऱ्यात एका जिन्याखालच्या गाळ्यात आहे. वयाने त्या माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान; तरी मी त्यांना ताईच म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. त्यांचे वडील छपाईच्या शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. खिळे गेले, छापखाना बंद पडला, तेव्हा मुलीने संगणक घेतला आणि तेच काम पुढे चालू ठेवले. मी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीतून निवृत्त झालो. कायद्याची पदवी घेतली होती, वकिलीची सनद कधी घेतली नाही; त्यामुळे नोकरीभर इतरांचे अर्ज तपासले आणि त्यांतल्या उणिवा काढल्या. निवृत्तीनंतर ती सवय पत्रांत उतरली. महापालिका, बँक, दूरध्वनी कंपनी, गॅस एजन्सी, विमेवाले, यांपैकी कोणाकडे माझी एकही फाइल नाही असे नाही. माझे अक्षर आता माझे मलाच लागत नाही. म्हणून मसुदा खिशात घालून मी ताईंकडे जातो, आणि बारा वर्षांपासून माझा प्रत्येक शब्द त्यांच्या बोटांतून बाहेर पडतो.

टाइप करताना त्या ओठांतल्या ओठांत वाचतात. शंका आली की बोटे थांबतात.

“काका, इथं ‘वारंवार कळवूनही’ लिहिलंय. किती वेळा कळवलं होतं?”

“दोनदा.”

“मग ‘दोनदा’ टाकते.”

“ताई, ‘वारंवार’मध्ये जोर आहे.”

“जोर हाय, पण त्यांनी तारखा मागितल्या तर दोनच निघतील.”

पाण्याच्या तक्रारीत मी ‘महिनोन्महिने’ लिहिले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पाणी न आलेले दिवस माझ्याकडून मोजून घेतले. भल्याभल्या वकिलांचे उलटतपास मी ऐकले आहेत. इतक्या मऊ आवाजात इतका कडक तपास मी कोर्टात पाहिला नाही. माझ्या पत्रांना उत्तरे येऊ लागली ती ताई टाइप करू लागल्यापासून, हे मी आता कबूल करतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याने त्याने आपापली हत्यारे पुजायची, ही आपल्याकडची रीत. ताईंच्या दुकानात पाटावर कात्री, कटर, पोलादी पट्टी, कीबोर्ड आणि माउस मांडतात, आणि मध्यभागी ते लॉक. वर्षातून त्याच दिवशी ते संगणकातून बाहेर निघते. “बाकी सगळं गुलमंडीच्या बाजारात दुसरं मिळतं. खरं हत्यार तेच,” असे त्यांचे म्हणणे. सोळा वर्षे त्यांनी लॉकला चिमटीभर कोरडे कुंकू लावले आणि काही बिघडले नाही. त्या वर्षी डबीत कुंकू थोडेच उरले होते, म्हणून त्यांनी ते पाण्यात कालवून त्याचे गंध केले. झेंडूच्या फुलाने वरून चार थेंब शिंपडले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून लॉक दसऱ्याच्या सकाळपर्यंत तसेच पाटावर राहिले.

सकाळी त्यांनी ते पुसून जागेवर लावले. पडद्यावर चौकट आली: लॉक सापडत नाही. काढले, फुंकले, पुन्हा लावले. पुन्हा तेच. त्याच्या धातूच्या तोंडात कुंकू सुकून बसले होते.

एरवी ही नुसती एक अडचण झाली असती. पण संगणकात एक स्मरणिका अडकली होती. कन्नड तालुक्यातल्या एका गावातली शाळा शंभर वर्षांची होत होती, आणि पहिल्या वर्गापासूनच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावे स्मरणिकेत छापायची, असे गावाने ठरवले होते. चार हजारांवर नावे. सुरुवातीच्या वर्षांचे हजेरीपट निजामाच्या काळातले, उर्दूत लिहिलेले. ते गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी वाचून दाखवले आणि मुख्याध्यापकांनी मराठीत उतरवून घेतले. ताई आठ महिने ती नावे जुळवत होत्या. छापील प्रुफे शाळेकडून लाल शाईच्या दुरुस्त्यांसह परत आली होती. त्या दुरुस्त्या तेवढ्या करायच्या राहिल्या होत्या. जानेवारीच्या अखेरीस कार्यक्रम होता. लॉकशिवाय ती फाइल दुसऱ्या कशात उघडली तर पानभर इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसत होता.

ताईंनी कंपनीला फोन लावला. कंपनी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातली. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो, म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडच्या तरुणाने हिंदीत विचारले, “मॅडम, लॉक में पानी गया है?”

“पानी नहीं. कुंकू.”

मग त्याने पाठ केलेले वाक्य म्हटले. लॉक खराब झाले की परवाना संपतो. नवा घ्यावा लागेल. नवा म्हणजे जुन्यासारखा नव्हे. जुनी आवृत्ती कंपनी आता विकत नाही. नवी इंटरनेटवरून चालते, तिचे शुल्क दरवर्षी भरायचे, आणि जुन्या फाइली तिच्यात उघडल्या तर जोडाक्षरे मोडतात. ताईंनी विचारले की चार हजार नावांतली जोडाक्षरे मग कोण जोडणार. तरुण म्हणाला, “वो तो मॅन्युअली करना पड़ेगा, मॅडम,” आणि आणखी काही सेवा हवी आहे का, असे विचारले.

मला आधी पूजेचा राग आला. तो घटकाभरच टिकला, कारण कंपनीचा राग त्याहून मोठा होता. मी तिथेच कागद मागून घेतला. आमची पत्रे इंग्रजीतून गेली, पण मसुदे मराठीतच झाले. भांडण आम्हा दोघांना मराठीतच नीट जमते. पहिल्या मसुद्यात मी लिहिले की सदर लॉक नेहमीच्या वापरात आपोआप निकामी झाले.

ताईंची बोटे थांबली. “आपोआप नाय झालं, काका.”

“कशाने झाले हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे. आपण कशाला सांगायचे?”

“ते खरं. पण मला माहितीय ना कशानं झालं.”

“तुम्ही फोनवर बोललात ते फोनवर. कागदावर आले की तो कबुलीजबाब होतो. तक्रारीत कोणी कबुलीजबाब देतो का?”

“मग कबूल करूनच मागू या. बघू काय म्हणतात.”

आणि त्यांनी माझ्या वाक्याच्या जागी आपली तीन वाक्ये बसवली. खंडेनवमीच्या दिवशी मी लॉकची पूजा केली. ओले कुंकू त्याच्या तोंडात गेले. तेव्हापासून लॉक चालत नाही. मी रागाने सही न करताच उठलो. मग आठवले की सही त्यांची होती, माझी नव्हती. त्यांनी ती केलीही होती.

शेजारच्या गाळ्यात फ्लेक्सचे बॅनर छापणारा एक पस्तिशीचा माणूस आहे. मनाचा मोकळा, ताईंना फार मानणारा, आणि मला थट्टेने ‘वकीलसाब’ म्हणणारा. बातमी कळताच तो पेनड्राइव्ह घेऊन आला.

“क्या ताई, कोणत्या जमान्यात आहात. माझ्याकडं बिनालॉकवालं आहे. पाच मिनिटांत टाकून देतो. अख्ख्या लाइनीत एक तुमचंच लॉक ओरिजनल होतं; देवाला पण तेच आवडलं बघा.”

ताई हसल्या. मी मात्र विचारात पडलो. स्वामित्वहक्काच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, ज्याने सॉफ्टवेअर कायदेशीरपणे घेतले, त्याला ते ज्या कामासाठी दिले त्या कामापुरती प्रत करता येते. ताईंकडे परवाना होता. तेव्हा त्यांच्यापुरता हा मार्ग वादग्रस्त असला, तरी अगदीच असमर्थनीय नव्हता. मी हे कलमासकट समजावून सांगितले. फ्लेक्सवाला खूश झाला.

“ऐका ताई, आता तर वकीलसाबपण आपल्या पार्टीत आले.”

“काका म्हणतात तर कायद्यात बसत असंल,” ताई म्हणाल्या. “पण हे तुझ्या पेनड्राइव्हात कुठून आलं?”

“ते नका विचारू ना ताई.”

“बघा. आणि उद्या कंपनीनं विचारलं, मधल्या काळात काम कशावर केलं, तर मी काय सांगू? नको रे बाबा. तू जीव लावलास तेवढं बास. चहा घेऊन जा.”

हात स्वच्छ ठेवून न्याय मागायला यावे, हे तत्त्व मी अभ्यासक्रमात शिकलो आणि कचेरीत क्वचितच पाहिले. जिन्याखालच्या त्या गाळ्यात ते मला तत्त्व म्हणून दिसले नाही. उद्या कोणी विचारले तर काय सांगू, इतक्या साध्या रूपात दिसले.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी ती स्मरणिका मुख्याध्यापकांच्या हस्तलिखितावरून पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला घेतली. त्यासाठी त्यांनी सरकारी कामात चालते ते, कोणालाही मोफत मिळणारे मराठी टायपिंग घेतले. त्यातल्या कळांची मांडणी निराळी होती. सतरा वर्षांच्या सरावाची बोटे जुन्याच कळांवर जात. “बोटं चुकून जुन्याच घरात शिरतात,” असे त्या म्हणत, आणि पुसून पुन्हा लिहीत. दिवसाला दोन-तीन पाने होत. एकूण पाने दोनशे ऐंशी. मी म्हणालो, आपली पत्रे चालू असताना हा उपद्व्याप कशाला? त्या म्हणाल्या, “पत्रं त्यांच्या रस्त्यानं जातील. शाळेला मी शब्द दिलाय, तो पत्राच्या भरवशावर नाय ठेवता येत.”

कंपनीची उत्तरे ईमेलवर येत. ‘प्रिय मौल्यवान ग्राहक’ अशी सुरुवात, आणि तळाशी कोणा माणसाचे नाव नाही. आमच्या तक्रारीला त्यांनी एक लांबलचक क्रमांक दिला. पाच दिवसांनी कळवले की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवून बंद करण्यात आली आहे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी विचारणा आली, आमच्या सेवेला आपण पाचांपैकी किती तारे द्याल? तो ईमेल ताईंनी मला वाचून दाखवला, तेव्हा माझा आवाज फ्लेक्सवाल्याच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. मी दुसरे पत्र लिहिले, तिसरे लिहिले. दोन्ही वेळा नवा क्रमांक मिळाला आणि नवा क्रमांक बंद झाला. तक्रार करणारा थकला की तक्रार मिटली, असे धरणारी ही पद्धत मी सरकारी कचेरीत पाहिली होती. पण तिथे निदान टेबलामागे एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांत पाहता येते.

चौथ्या पत्रातले वेठबिगारीचे वाक्य काढताना ताई म्हणाल्या, “काका, कुलूप त्यांचं असलं तरी ओलं मी केलं. आणि भांडण जिंकून मला काय करायचंय? लॉक पाहिजे.” मी चिडलो. पण मग त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “यात काही कामाचं असंल तर बघा.”

पिशवीत सतरा वर्षांपूर्वीचे मूळ बिल होते, सीडीचे फोडलेले पाकीट होते, नोंदणीपत्राचा अर्धा तुकडा होता, आणि त्या तुकड्यावर कंपनीचा शिक्का होता. कोर्टात मी माणसे घराची खरेदीखते हरवून आलेली पाहिली आहेत. इथे एका बाईने सॉफ्टवेअरचे फाटलेले पाकीट घडी न मोडता जपून ठेवले होते. मी भिंग काढले. बिलावर दोन ओळी होत्या. पहिली, ‘एका वापरकर्त्यासाठी कायमस्वरूपी परवाना’. दुसरी, ‘हार्डवेअर लॉक, नग एक, विनामूल्य’. पाकिटाच्या आतल्या बाजूला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत अटी छापल्या होत्या. त्यांतल्या एकीत म्हटले होते की लॉक हरवले, चोरीला गेले किंवा बिघडले तर परवाना संपेल. आणि शेवटी लिहिले होते की पाकीट फोडताच या सर्व अटी ग्राहकाला मान्य आहेत असे समजले जाईल.

अटी पाकिटाच्या आत. पाकीट फोडल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत, आणि फोडले की त्या मान्य. मी ते वाक्य तीनदा वाचले आणि मला अनेक वर्षांत वाटला नव्हता असा आनंद झाला. करारात संमती लागते, आणि संमतीला आधी अट कळावी लागते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. शिवाय विकला तो परवाना, तोही कायमचा. लॉक नुसते सोबत दिले होते. फुकट दिलेली किल्ली बिघडली म्हणून विकलेले घर परत घेता येत नाही. पाचवे पत्र मी एका बैठकीत लिहिले. ताईंनी त्यातला एकही शब्द बदलला नाही, फक्त शेवटी एक ओळ वाढवली: लॉक मला फुकट नको, त्याची जी किंमत असेल ती मी देईन.

“ही ओळ घातली तर आपली बाजू पडते,” मी म्हणालो.

“नाय पडत. फुकट मागतेय असं वाटायला नको.”

पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पत्रांना उत्तर आले नाही. आठवे पत्र मी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, चिटणिसाच्या पदनामाने, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवले आणि त्यात लिहिले की तीस दिवसांत निराकरण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. नवव्यासोबत आयोगाकडच्या तक्रारीचा पूर्ण मसुदाच जोडला. डिसेंबर संपत आला होता. ताई एकशे साठाव्या पानावर होत्या. मुख्याध्यापकांचा दर दोन दिवसांनी फोन येई, आणि त्यांचा आवाज दर वेळी अधिक नम्र होत चालला होता.

“ताई, घाई नाही करत मी. छापखानावाला विचारतो म्हणून.”

“सर, पंधरा तारखेला देते. तोंड लपवणार नाय तुमच्यापासून.”

मग कंपनीचे पत्र आले. खरे, कागदाचे, सही असलेले. ‘सद्भावना म्हणून’ एक जुने लॉक मूळ किमतीत देण्यास कंपनी तयार होती. सोबत एक हमीपत्र होते, ते सही करून पाठवायचे. त्यात लिहिले होते की माझ्या निष्काळजीपणामुळे आणि उत्पादनाच्या गैरवापरामुळे लॉक निकामी झाले, आणि यापुढे या लॉकबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.

मी ते वाचले आणि म्हणालो, सही करा. हे मी म्हणालो, ज्याने नऊ पत्रे लिहिली होती. दिवस थोडे होते, एकशे वीस पाने बाकी होती, आणि दोन शब्दांसाठी शाळेचा कार्यक्रम अडकवणे मला शहाणपणाचे वाटेना. हवे तर ‘हरकत राखून’ असे सहीखाली लिहू, असाही मार्ग मी सुचवला.

ताईंनी हमीपत्र दोनदा वाचले. “निष्काळजीपणा नाय झाला, काका. चूक झाली.”

“कायद्यात फरक असतो, पण इथे काय फरक पडतो?”

“मी निष्काळजी असते तर हे पाकीट सतरा वर्षं ठेवलं असतं? ज्या वस्तूला जपायचं तिलाच आपण पूजतो. पूजा करताना चूक झाली, ती पहिल्या दिवशीच लिहून दिली. आणि गैरवापर तर अजिबातच नाय.”

“ताई, हे लोक तुम्हाला ओळखत नाहीत. तो कागद त्यांच्या कपाटात पडून राहील, कोणी वाचणार नाही.”

“पडून राहू दे. पण सही माझी असंल ना त्याच्यावर.”

त्यांनी पोलादी पट्टी घेतली आणि दोन्ही शब्दांवर सरळ रेघ ओढली. वर ‘चूक’ असे लिहून शेजारी आद्याक्षरे केली. मी शेवटचा उपाय म्हणून कायदा सांगितला. प्रस्तावात बदल करून परत पाठवला की तो बदललेला नवा प्रस्ताव ठरतो, आणि मूळ प्रस्ताव नाकारल्यासारखे होते. “म्हणजे हातातले लॉक तुम्ही घालवत आहात.”

“व्हय का?” त्या म्हणाल्या. “मग घालवलं.”

मी घरी जाताना त्यांच्यावर संतापलो होतो. वाटेत केव्हातरी माझ्या लक्षात आले की ‘आपोआप’ हा शब्द त्यांच्या फायद्याचा होता, ‘निष्काळजीपणा’ त्यांच्या तोट्याचा, आणि दोन्ही त्यांनी सारख्याच निर्विकारपणे बाजूला सारले होते. मी आयुष्यभर सत्याची बाजू घेतली असे मानत आलो. खरे पाहता मी बाजू घेत आलो. सत्य सोयीचे असले की ते सोबत येई. ताईंना बाजू नव्हतीच. घडले ते असे घडले, एवढेच त्यांना कागदावर हवे होते. दहावे पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिले. चार ओळींचे. हमीपत्र दुरुस्त करून सोबत जोडले आहे, दुरुस्ती वस्तुस्थितीला धरून आहे, लॉकची किंमत सोबत पाठवली आहे, कळावे.

आठ दिवस काही आले नाही. ताई दोनशेव्या पानाच्या पुढे गेल्या. बोटे आता नव्या घरात सरावली होती.

नवव्या दिवशी फोन आला. आवाज वयस्क, हिंदी दाक्षिणात्य वळणाची. आपण परवाना विभाग पाहतो, असे ते गृहस्थ म्हणाले.

“आप ही वो कुंकुमवाली मॅडम हैं?”

“जी, मैंच.”

“मॅडम, सब लोग लिखते हैं लॉक अपने आप बंद हो गया. हम खोलते हैं तो अंदर चाय, चींटी, सब निकलता है. आपका पेपर मेरे टेबल पर आया तो मैंने दो बार पढ़ा.”

“चाय नहीं है साब, कुंकूच है. खोल के देखो.”

ते हसले. त्यांच्या कार्यालयातही खंडेनवमीला आयुधपूजा होते, असे त्यांनी सांगितले. पण ते आधी यंत्राला कागद चिकटवतात आणि कुंकू कागदाला लावतात. कायदा विभागाशी बोलणे झाले आहे, दोन्ही शब्द काढले आहेत, जुने लॉक कुरिअरने निघाले आहे, असे म्हणून त्यांनी पावतीचा क्रमांक दिला. ताईंनी तो दोनदा म्हणून घेतला. मग त्यांनी विचारले, “साब, जिनका लॉक खराब होता है उन सबको मिलता है क्या ऐसा?”

“पूछने वाले को मिलता है, मॅडम.”

ते उत्तर सज्जनाचे होते, आणि प्रामाणिकही. पण एक माणूस सज्जन निघाला म्हणून कंपनी सज्जन ठरत नाही. कपाटात जुनी लॉक आहेत, किंमत घेऊन ती देता येतात, आणि तरी पहिल्या फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे की परवाना संपला: याला व्यापारातली अनुचित प्रथा म्हणतात, आणि हे मी अकराव्या पत्रात स्पष्ट लिहिले. ते पत्र ताईंनी एकही शब्द न काढता टाइप केले. त्याला अजून उत्तर आलेले नाही.

लॉक आले तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा होता. ताईंनी ते खोचले. चौकट आली नाही. जुनी फाइल उघडली, दोनशे ऐंशी पाने जशीच्या तशी, जोडाक्षरांसह. फ्लेक्सवाला दारात उभा होता, तो म्हणाला, “चला, सुटले शाळेचे मास्तर.” मला वाटले, आता लाल दुरुस्त्या केल्या की संपले, आणि पुन्हा टाइप केलेली दोनशे अकरा पाने वाया गेली. तसे मी बोललोही.

“वाया कशी?” ताई म्हणाल्या. “दोनशे अकरा पानांचा मजकूर दोनदा जुळवून झालाय. दोन्ही ताडून बघू. काका, बसलाच आहात तर वाचा.”

शिशाच्या खिळ्यांच्या काळात महत्त्वाचा मजकूर असा तपासत: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नजर ठेवायची. त्यांनी दुरुस्त केलेली जुनी पाने छापून माझ्या हातात दिली आणि स्वतः नव्याच्या पडद्यापुढे बसल्या. मी वाचू लागलो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वर्ष. ज्या माणसांना मी कधी पाहिले नव्हते आणि ज्यांतली अर्धीअधिक आता हयात नसतील, त्यांची नावे मी दोन दिवस मोठ्याने वाचत होतो. फरक आला की ताई “थांबा” म्हणत आणि मुख्याध्यापकांच्या हस्तलिखितात पाहत. बहुतेक वेळा नव्यात चूक निघे. सात ठिकाणी चूक जुन्यात होती, प्रुफांत मुख्याध्यापकांच्याही नजरेतून सुटलेली.

एका ठिकाणी हस्तलिखितही लागेना. एका मुलाच्या वडिलांचे नाव जुन्यात एक होते, नव्यात दुसरे, आणि कागदावर शाई फुटलेली. ताईंनी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, मूळ हजेरीपट शाळेत आहे, तो वाचणारे गृहस्थ घरी आहेत, अर्धा तास द्या. आम्ही थांबलो. ताईंनी तोवर पुढचे काही केले नाही. बोट त्या ओळीवर ठेवून बसल्या. पाऊण तासाने फोन वाजला. मुख्याध्यापकांनी नाव अक्षर अक्षर करून सांगितले. ताईंनी ते परत म्हणून दाखवले, जुन्या फाइलीत दुरुस्त केले, पान मला वाचायला लावले, आणि उरलेली पाने ताडून झाल्यावर स्मरणिका छापखान्याकडे पाठवली.